गुरुजींची वेबसाइट माझ्या लाइनवर उघडत नाही. त्यांना मी काय सांगू?

लाइनवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा इंटरनेटचा धंदा आहे. आधी केबल टीव्ही होता, २०१७ पासून फायबर टाकलं. एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी आहे, साडेआठशे घरं जोडलेली, खांबावर चढणारी तीन पोरं. नेट गेलं की लोक कंपनीला फोन करत नाहीत, मला करतात. रात्री अकरालासुद्धा.

गेल्या महिन्यात आमच्या गुरुजींचा फोन आला. मला सातवीला गणित शिकवलेले, आता ७८ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी तालुक्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवांची वेबसाइट काढलीय. कुठली बारव कोणी बांधली, पायऱ्या किती, शिलालेखात काय आहे, पाणी कुठल्या साली आटलं, सगळं स्वतः सायकलवर फिरून मोजलेलं. नातवाने स्वस्तातलं होस्टिंग घेऊन दिलंय. म्हणाले, "अरे, माझं पान मोबाइलवर दिसतं, तुझ्या लाइनवर दिसत नाही."

घरी गेलो. राऊटर बदलला, पॅचकॉर्ड बदलली, माझा लॅपटॉप लावून बघितला. उघडेना. ब्राउझरमध्ये नुसतं गोल फिरत राहायचं आणि मग पांढरं पान. ना सूचना, ना कारण. मी कंपनीत तिकीट टाकलं. दोन वेळा "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे" म्हणून बंद करून टाकलं. तिसऱ्यांदा ओळखीच्या एका इंजिनिअरला गाठलं, तेव्हा कळलं की ज्या सर्व्हरवर गुरुजींचं पान आहे त्याच आयपीवर (म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर) कुठली तरी सट्ट्याची साइट होती. ती बंद करायचा आदेश आला, आमच्या कंपनीने अख्खा आयपीच बंद केला. "वरून आलंय, आपल्या हातात काही नाही," असं तो म्हणाला.

वरून म्हणजे कुठून? सट्टा बंद करायचा तर करा, माझ्या गावातली दोन घरं त्यात बसलीयत. पण गुरुजींच्या बारवांनी कोणाचं काय वाकडं केलंय? आणि हे गुरुजींना कळायला मला तीन आठवडे खांबाखांबावर हिंडावं का लागलं? ते रोज विचारतात. काय सांगू त्यांना?

चकली_भाजणी

वाचतेय. गुरुजींना नमस्कार सांगा.

रेवा_वकील

लाइनवालादादा, धागा फार महत्त्वाचा काढलात. मी मुंबईत वकिली करते, म्हणून थोडं लांबण लावते.

"वरून" याचा अर्थ बहुतेक माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे ठराविक कारणांसाठी केंद्र सरकार कुठलीही साइट लोकांना दिसू नये असा आदेश देऊ शकतं. त्याची पद्धत २००९ च्या नियमांत आहे. अधिकाऱ्यांची समिती बसते, कारणं लेखी नोंदवायची असतात, ज्याचा मजकूर आहे त्याला शोधून नोटीस द्यायचा प्रयत्न करायचा असतो. तातडी असेल तर आधी बंद आणि मग ४८ तासांत समितीपुढे. सट्ट्याच्या साइटही याच कलमाखाली बंद होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये महादेव बुक धरून २२ ॲप आणि साइट अशाच बंद केल्या होत्या. त्याशिवाय कोर्टाच्या आदेशानेही साइट बंद होतात, विशेषतः पायरसीच्या.

आता दुखणं कुठे आहे ते बघा. आदेश न पाळणाऱ्या कंपनीला ६९अ मध्ये ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आणि आदेशापेक्षा जास्त बंद करणाऱ्या कंपनीला? काहीच नाही. एका पारड्यात ७ वर्षं, दुसऱ्यात शून्य. अशा वेळी तुमच्या कंपनीतला इंजिनिअर एक यूआरएल, म्हणजे एकाच पानाचा पत्ता, बंद करायची कटकट करेल की अख्खा आयपी बंद करून मोकळा होईल? त्या माणसाला मी दोष देत नाही. कायद्यानेच त्याला तिकडे ढकललंय.

त्यावर त्याच २००९ च्या नियमांतला नियम १६ आहे. तक्रारी, विनंत्या आणि त्यावरची कारवाई यांबद्दल कडक गुप्तता पाळायची. त्यामुळे तुमची कंपनी तुम्हाला आदेश दाखवत नाही, तुम्ही गुरुजींना दाखवू शकत नाही, आणि गुरुजींनी कोर्टात जायचं म्हटलं तर आव्हान कशाला द्यायचं तेच त्यांच्या हातात नाही.

पॅकेट

तांत्रिक बाजू सांगतो, मी याच क्षेत्रात आहे.

साइट बंद करायच्या साधारण तीन रीती आहेत. एक, डीएनएसमध्ये खोटं उत्तर द्यायचं, म्हणजे नाव विचारलं की चुकीचा पत्ता सांगायचा. दोन, आयपी बंद करायचा. एका आयपीवर शेकडो साइट राहतात, सगळ्या एकत्र जातात. गुरुजींचं हेच झालंय. तीन, जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघडं जातं ते वाचून जोडणी तोडायची. तिसऱ्यात निदान शेजारी वाचतात, पण त्याला बरी यंत्रणा लागते, पैसे लागतात.

आदेशात "हे हे बंद करा" एवढंच असतं. कसं करायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून एकाच गावात एका कंपनीवर साइट दिसते, दुसऱ्या कंपनीवर दिसत नाही. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोठ्या कंपन्या तपासल्या, तेव्हा प्रत्येकीची यादी वेगळी निघाली होती.

आणि यादी वाढत जाते, कमी होत नाही. सट्टेवाले चार दिवसांत पत्ता बदलून निघून जातात, जुना आयपी तसाच यादीत पडून राहतो. मग होस्टिंगवाला तोच आयपी दुसऱ्या कोणाला देतो. गुरुजींना उष्टं ताट मिळालंय असं समजा.

डोंबिवलीचे_आजोबा

पॅकेट म्हणतो ते मी २००६ मध्येच भोगलंय.

११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले. मी त्या दिवशी चर्चगेटऐवजी सीएसटीहून निघालो म्हणून आज हे लिहितोय. त्यानंतर आठवडाभरात माझा ब्लॉग उघडेनासा झाला. माझाच नाही, ब्लॉगस्पॉटवरचे सगळेच. मराठी ब्लॉग तेव्हा नुकते डोळे उघडत होते. आम्ही पंधरा-वीस जण एकमेकांचे वाचायचो, एकमेकांना फाँट पाठवायचो. सगळे अंधारात. आधी वाटलं आपलंच मशीन बिघडलं. मग कळलं की सरकारने मोजक्या पानांची यादी दिली होती, कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज मुळासकट बंद केलं. पुढे सरकारनेच कंपन्यांना सांगितलं की तेवढीच पानं बंद करा, बाकीची सोडा.

त्या दिवसांत आम्ही कशावरून वाचायचो माहीत आहे? पीकेब्लॉग्ज नावाच्या वाटेवरून. पाकिस्तानातही त्याच वर्षी ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, तिथल्या ब्लॉगर पोरांनी स्वतःसाठी ती वाट काढली होती. तिच्यावरून मी डोंबिवलीत बसून माझाच ब्लॉग वाचला. ते मी विसरलेलो नाही.

त्याआधी २००३ मध्ये याहूचा एक छोटासा ग्रुप बंद करायचा होता, मेघालयातल्या फुटीरतावाद्यांचा. याहूने ऐकलं नाही म्हणून कंपन्यांना आदेश गेला आणि सगळेच याहू ग्रुप गेले. आमचा ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवरचा ग्रुपही त्यात होता.

पॅकेट

आजोबा, सलाम. आणि २०१४ विसरू नका. मुंबईच्या एटीएसला आयसिसचा प्रचार थांबवायचा होता, त्यासाठी ३२ साइट बंद झाल्या. त्यात गिटहब होतं, विमिओ होतं, इंटरनेट अर्काइव्ह होतं. गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोकांचं कोठार. ३१ डिसेंबरला रात्री मी ऑफिसात अडकलो होतो, कोड खेचता येत नव्हता. थोड्या दिवसांत सुटलं, पण ज्याने यादी केली त्याने त्या ३२ मधल्या किती साइट उघडून पाहिल्या असतील?

निवृत्त_फौजदार

दुसरी बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. ३१ वर्षं खात्यात काढली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. लाइनवाला, त्यातली बहुतेक माणसं तुमच्या जिल्ह्यातली होती, मंगळवेढा तालुक्यातली.

तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकच होतं, दोन दिवस आधी या भागातलं नेट बंद केलं असतं तर पाच जीव वाचले असते का? इथे बसून "बोलण्याचं स्वातंत्र्य" म्हणणं सोपं आहे. पाच प्रेतं उचलायला लागणाऱ्या हवालदाराला विचारा. चार साइट जास्त बंद झाल्या तर त्या पुन्हा सुरू करता येतात.

लाइनवाला

साहेब, मला माहीत आहे ते. त्या पाचातल्या एकाच्या पालावर मी कनेक्शन द्यायला नाही, सांत्वनाला गेलोय. तुमचं म्हणणं हलकं घेत नाही.

रेवा_वकील

फौजदारकाका, राईनपाड्याबद्दल वाद घालायची माझी हिंमत नाही. एवढंच विचारते, त्या अफवा कित्येक दिवस फिरत होत्या म्हणता. त्या दिवसांत गावोगाव दवंडी, पोलिसपाटील, शाळेत सूचना, त्याच मोबाइलवर पोलिसांचा खुलासा, हे किती ठिकाणी पोचलं? नेट बंद केलं की अफवेबरोबर खुलासाही बंद होतो. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. तो उपाय मला पटतो. कोणाचं तोंड बांधलं नाही, नुसता वेग कमी केला.

निवृत्त_फौजदार

दवंडीचं खरं आहे. आमच्याकडे माणसं नव्हती. एका ठाण्याखाली ८० गावं. तरीही मी म्हणेन की शेवटचं हत्यार हातात असावं.

रंकाळा

कोल्हापूरची हाय मी. शेवटचं हत्यार पहिलंच बाहेर निघतं ओ काका.

७ जून २०२३. स्टेटसवरनं गाव पेटलं, बंद, दगडफेक, आणि नेट बंद. माझं औषधाचं दुकान हाय. दोन दिवस क्यूआर कोडचा कागद नुसता भिंतीवर. लोकांच्या खिशात पैसंच नसतात आता. एक मावशी इन्सुलिन न्यायला आल्या, पैसं पोरगा पुण्यासनं पाठवणार होता, ते काय येईना. मी दिलं, वहीत लिवलं. त्या दिवसाची उधारी ११,४०० झाली. सगळ्यांनी फेडली, आमची माणसं चांगली हाईत. पण मावशी दुसऱ्या गावच्या असत्या तर? दुकानदार नवा असता तर?

आणि काका, अफवा थांबल्या नाहीत. "अमुक गल्लीत असं झालं, तमुक मशिदीत तसं झालं" हे दोन दिवस तोंडातोंडी फिरत होतं आणि खरं काय ते बघायला जागाच नव्हती. मला त्या दोन दिवसांत जास्त भ्या वाटलं.

रेवा_वकील

रंकाळाताई, पुढच्या वेळी (न येवो) एक लक्षात ठेवा. नेटबंदीचा आदेश राज्याच्या गृहसचिवांनी कारणांसकट लेखी काढावा लागतो आणि तो प्रसिद्ध करावा लागतो. काश्मीरच्या बंदीवर अनुराधा भसीन यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला हे स्पष्ट सांगितलं. बेमुदत बंदी चालणार नाही हेही सांगितलं. एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे, आणि पुनर्विलोकन समितीने ५ दिवसांत तपासायचा असतो.

कागदावर हे चांगलं आहे. पण बंदीच्या दिवशी तो आदेश वाचायला नेट लागतं.

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. साइट, नेट झालं, माणसांचंही बोला.

२०१४ च्या निवडणुकीच्या काळात आमच्याकडे एका इंजिनिअरवर फेसबुकवरच्या पोस्टसाठी गुन्हा दाखल झाला होता, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम होतं. पणजीत त्या दिवसांत जो तो आपल्या जुन्या पोस्ट खोडत बसला होता. माझ्या भावाने तर अकाउंटच बंद केलं आणि तो परत कधी लिहिता झाला नाही. तो चांगलं लिहायचा. खाणींवर लिहायचा.

डोंबिवलीचे_आजोबा

६६अ म्हटलं की पालघर. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. बंद का पाळायचा एवढाच प्रश्न एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर विचारला, मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक. मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला. मी शिवाजी पार्कला अंत्यदर्शनाला गेलेला माणूस आहे, साहेबांवर माझं प्रेम होतं आणि आहे. पण लाइक केलं म्हणून पोरीला पोलीस ठाण्यात? त्या दिवशी मान खाली गेली.

रेवा_वकील

आणि तिथूनच वाट निघाली. पालघरच्या बातम्या वाचून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६अ रद्द केलं. "त्रासदायक", "गैरसोयीचं" अशा शब्दांवर ३ वर्षांची कैद देता येत नाही, कारण कोणाला कशाचा त्रास होईल याला मापच नाही.

त्याच निकालात लाइनवालादादांच्या कामाची गोष्ट आहे, कलम ७९. दुसऱ्याच्या मजकुरासाठी मध्यस्थ जबाबदार नाही, पण बेकायदा मजकुराची "प्रत्यक्ष माहिती" मिळूनही हलवला नाही तर संरक्षण जातं. आधी कोणीही वकिलाची नोटीस पाठवली की कंपनी घाबरून मजकूर काढायची. न्यायालयाने सांगितलं की प्रत्यक्ष माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. हे ऐतिहासिक होतं.

६९अ मात्र त्याच निकालात टिकलं. कारणं लेखी असतात, त्यामुळे रिट याचिकेत आव्हान देता येतं, असं न्यायालय म्हणालं. लेखी कारणं गुप्ततेच्या कपाटात असतील तर काय, हे दुखणं उरलंच. हुंडाप्रथेची खिल्ली उडवणारी एक साइट होती, ती २०१८ मध्ये खरीच हुंड्याची समजून बंद केली. चालवणाऱ्याला आदेशाची प्रत मिळावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

चकली_भाजणी

अवांतर: कायद्यात इंटरनेट कंपनीला "मध्यस्थ" म्हणतात हे आज कळलं. आमच्याकडे लग्नात मध्यस्थ असतो. लग्न टिकलं तर कोणी विचारत नाही, मोडलं तर दोन्हीकडचे त्यालाच धरतात. लाइनवालादादांचं तसंच झालंय.

लाइनवाला

ताई, अगदी. फक्त लग्नातल्या मध्यस्थाला फेटा तरी मिळतो.

हडसनकाठची_साठे

न्यू जर्सीतून. चकलीताईंचा मध्यस्थ मनात धरून इकडचं सांगते.

१९९१ मध्ये काँप्युसर्व्ह या ऑनलाइन कंपनीवर दुसऱ्याच्या मजकुरावरून खटला झाला, कंपनी सुटली, कारण ती मजकूर तपासतच नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजीवर झाला, कंपनी अडकली, कारण ती मजकूर तपासून घाणेरडं काढून टाकत होती. म्हणजे अंगण झाडणाराच गुन्हेगार. म्हणून १९९६ मध्ये कलम २३० आलं, इंग्रजीतले २६ शब्द, की दुसऱ्याच्या मजकुरासाठी सेवा देणाऱ्याला प्रकाशक धरायचं नाही. इकडचं सगळं इंटरनेट त्यावर उभं आहे.

त्याचा त्रासही आहे. माझ्या मैत्रिणीच्या मुलीबद्दल कोणी तरी घाण लिहिलं, साइटने काढायला नकार दिला, आणि कायदा साइटच्या बाजूने. ती मुलगी सहा महिने शाळेत गेली नाही. तेव्हा २३० म्हणजे रामराज्य असं मी म्हणणार नाही.

पण कॉपीराइटचा १९९८ चा कायदा वेगळा चालतो, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या लेझमीचा व्हिडिओ एका तक्रारीवरून उतरवला. ढोल-ताशा आमचे, पोरं आमची, मागे कुठे तरी गाणं वाजत असेल. पण मला मेल आली, कोणी तक्रार केली, कशाबद्दल केली, आणि उलट नोटीस कशी द्यायची. मी दिली. तक्रार करणारा कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवावा लागतो. ठेवला. गुरुजींना हेच मिळालं नाही. काढलं, तर सांगा. सांगितलं, तर बोलू द्या.

म्युनिकची_मनू

साठेताईंना +१.

आमच्याकडे जर्मनीत २०१७ मध्ये द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध कायदा झाला, उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढा, नाही तर ५ कोटी युरोपर्यंत दंड. हेतू चांगला होता, इथे त्या विषयाचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे आणि मी तो रोज कामाला जाताना पाहते. पण जानेवारी २०१८ मध्ये कायदा पूर्ण लागू झाल्याबरोबर टिटानिक नावाच्या व्यंग मासिकाचं ट्विटर खातं अडवलं गेलं. त्यांनी एका राजकारणी बाईंच्या द्वेषपूर्ण विधानाचं विडंबन केलं होतं, विडंबनच द्वेष समजलं गेलं. २४ तासांच्या घाईत दंडाच्या भीतीने बसलेल्या माणसाला विडंबन कळायला वेळ कुठे असतो? रेवाताईंचं पारडं इथेही तसंच झुकतं.

आता युरोपचा डिजिटल सेवा कायदा आलाय. मजकूर काढला तर ज्याचा आहे त्याला कारणं लेखी द्यायची, अपिलाचा मार्ग सांगायचा. फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना लागू आहे.

नवं_पाखरू

पण आपल्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत ना? तक्रार अधिकारी वगैरे? मग एवढी चिंता का?

रेवा_वकील

आहेत. मूळ २०२१ च्या नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत, कोणाचे खासगी अवयव दाखवणारा मजकूर २४ तासांत हटवायचा, असं होतं. हे शेवटचं अतिशय गरजेचं होतं. माझ्याकडे अशा मुली येतात, त्यांना कोर्टाची तारीख परवडत नाही. साठेताईंच्या मैत्रिणीच्या मुलीला इथे दाद मिळाली असती.

पण त्याच नियमांत २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराबद्दलचं काय खोटं हे स्वतःच ठरवणारा सत्यपडताळणी कक्ष घातला. विनोदवीर कुणाल कामरा आणि संपादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, न्या. पटेल विरोधात, न्या. गोखले बाजूने. तिसरे न्या. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मी त्या दिवशी कोर्टात उभी होते, बसायला जागा नव्हती.

आणि आता "सहयोग" पोर्टल. कलम ७९ चा आधार घेऊन वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढायला सांगतात. ६९अ ची समिती आणि नोटिशीचा प्रयत्न तिथे नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं. मला तो निकाल पटलेला नाही. श्रेया सिंघलने जे दार नीट बसवलं होतं त्याच्या शेजारची खिडकी उघडी राहिली.

निवृत्त_फौजदार

वकीलबाई, लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ असतील तर समितीची वाट बघत बसायचं का?

रेवा_वकील

अजिबात नाही काका. ते तासात जावं. त्याला कोणाचाच विरोध नाही. माझा आग्रह एकच, जे काही बंद होईल त्याची नोंद कोणाला तरी तपासता यावी, आणि चूक झाली तर दाद मागता यावी. राईनपाड्याला ज्यांनी मारलं त्यांनीही आधी विचारलं नव्हतं की तुम्ही कोण.

निवृत्त_फौजदार

हे शेवटचं वाक्य लागलं मला. यावर आज उत्तर देत नाही.

पॅकेट

लाइनवालादादा, मूळ प्रश्नावर येतो. गुरुजींचं काम दोन बाजूंनी करा. नातवाला सांगा, होस्टिंगवाल्याकडून दुसरा आयपी मागून घ्या, त्याने पान उद्या दिसेल. आणि तक्रार मात्र मागे घेऊ नका. आयपी यादीत राहिला तर पुढचा भाडेकरू अडकेल.

रेवा_वकील

बरोबर. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्यायचा, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. फुकट आहे. ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. मजकूर साधा ठेवा: माझं पान बेकायदा नाही, अमुक तारखेपासून अमुक आयपी बंद आहे, कुठल्या आदेशाने ते सांगा, आदेशात माझं पान नसेल तर मोकळं करा. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवते. आणि दादा, तुम्ही स्वतः कंपनीच्या अंतर्गत मेल कोणाला पुढे पाठवू नका. नियम १६ मध्ये तुमचा हात अडकायला नको.

लाइनवाला

बावीस दिवसांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी असावी. पावसात दोन किलोमीटर फायबर तुटलं होतं, पोरांबरोबर मीही खांबावर होतो.

नातवाने आयपी बदलून घेतला. पान दिसायला लागलं. मला वाटलं संपलं. गुरुजी म्हणाले, "पान दिसतंय, पण उत्तर कुठाय?" आणि रेवाताईंचा मसुदा त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला, तीन प्रती, प्रत्येकीवर सही. तक्रार मीच ऑनलाइन भरली.

आठव्या दिवशी कंपनीकडून उत्तर आलं, दोन ओळी. "आपली समस्या सोडवण्यात आली आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे." मी प्रिंट काढून नेली. गुरुजींनी चष्मा लावला, खिशातलं लाल बॉलपेन काढलं आणि समासात लिहिलं, "रीत दाखवलेली नाही." आम्हाला सातवीला उत्तर बरोबर आलं तरी रीत नसेल तर ते अर्धे गुण कापायचे. तेच पेन, तेच अक्षर, फक्त आता हात थोडा थरथरतो. म्हणाले, हाच कागद अपिलाला जोड.

जोडला. काल पोच आली, अपिलाचा नंबर मिळालाय. तो गुरुजींनी बारवांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि ३९ दिवस मोजून तारखेला गोल केलाय.

काकांसाठी: गुरुजींना मी राईनपाड्याचं तुमचं लिखाण वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले. त्या पाचातल्या एकाचा मुलगा त्यांच्या वर्गात होता.

निवृत्त_फौजदार

गुरुजींना माझा दंडवत सांगा. अपिलाला पोलीस खात्यातल्या माणसाचं पत्र जोडून काही उपयोग होणार असेल तर मी लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी नाही, पण नावानिशी.

रंकाळा

दादा, त्या वेबसाइटचा पत्ता द्या की. माझं आजोळ सांगोल्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या बारवेच्या तळाशी रांग लागलेली, आजीच्या हातात घागर हाय, असा एक फोटो माझ्याकडं हाय. गुरुजींकडं कसा पाठवू?